तापवल्यावर स्वतःच उष्णता सोडणारे पदार्थ: डीएससीवर विघटन कसं मोजावं आणि आकडे कसे वाचावेत

काही पदार्थांना जळायला बाहेरून ऑक्सिजन लागत नाही. ऊर्जा त्यांच्या रेणूतच असते, आणि पुरेसं तापमान मिळालं की ती बाहेर पडते. नायट्रो संयुगं, सेंद्रिय पेरॉक्साइड, अझो संयुगं, हायड्रॉक्सिलअमाइनचे क्षार, अमोनियम नायट्रेट ही त्यातली नेहमी भेटणारी मंडळी. असा पदार्थ सुकवायचा, ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात तापवायचा किंवा गोदामात ठेवायचा, तर तो किती तापमानाला, किती वेगाने आणि किती उष्णता सोडत फुटतो हे आधी माहीत असावं लागतं. त्यासाठी पहिलं उपकरण म्हणजे डीएससी, म्हणजे डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर: सॅम्पल आणि रिकामं भांडं सारख्याच वेगाने तापवून सॅम्पल किती उष्णता घेतं किंवा सोडतं ते मोजणारं यंत्र.

एक गोष्ट सुरुवातीलाच. डीएससीच्या आलेखावर जिथे उठाव दिसू लागतो ते तापमान हा पदार्थाचा गुणधर्म नाही. ते पॅनवर (म्हणजे सॅम्पल ठेवायच्या इवल्या भांड्यावर), सॅम्पलच्या वजनावर, तापवण्याच्या वेगावर आणि उपकरणाच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असतं. अहवालात “विघटन २१० °से ला सुरू होतं” असं वाक्य गेलं, की वाचणारा १८० °से सुरक्षित धरून बसतो. पुढची बरीचशी खटपट हा समज टाळण्यासाठी आहे.

सॅम्पल हातात घेण्याआधी

ही मोजमापं परवानगी असलेल्या, यासाठी सज्ज असलेल्या प्रयोगशाळेतच करायची. पदार्थाची आघात आणि घर्षण यांना असलेली संवेदनशीलता माहीत नसेल तर आधी ती माहिती मिळवा. ती मिळेपर्यंत खलबत्त्यात कुटणं, धातूच्या चमच्याने खरवडणं, चाळणीवर घासणं पूर्ण बंद. चमचा वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा किंवा लाकडी घ्या, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. बाटलीतून टेबलावर काढायचा माल काही मिलिग्रॅमच असू द्या, उरलेला परत आपल्या जागी. वजन करताना आणि पॅन बंद करताना चष्मा आणि समोर पॉलिकार्बोनेटची ढाल हवी. प्रायमरी प्रकारची, म्हणजे नुसत्या ठिणगीने किंवा घासण्याने उडणारी संयुगं या मार्गदर्शनात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असलेल्या संस्था आहेत.

सॅम्पलचा इतिहासही लिहून घ्या: ओलावा किती, कोणतं द्रावक शिल्लक आहे, कोणत्या लॉटचा माल आहे. प्लांटमध्ये फुटतो तो शुद्ध स्फटिक नसतो, लोखंडाचा गंज आणि क्लोराइड मिसळलेला माल असतो. अमोनियम नायट्रेटमध्ये थोडंसं क्लोराइड आलं तरी विघटन कमी तापमानाला सुरू होतं. म्हणून शुद्ध नमुन्याबरोबर प्लांटमधला खरा नमुनाही चालवा. दोन्हींतला फरक हीच बऱ्याचदा सगळ्यात उपयोगी माहिती ठरते.

वजन किती घ्यायचं

याचं उत्तर पॅनच्या आकारमानात आहे. समजा ३० मायक्रोलिटरचा, १५० बारपर्यंत टिकणारा, सोन्याचा मुलामा दिलेला स्टीलचा हाय-प्रेशर पॅन आहे. ऊर्जायुक्त सेंद्रिय पदार्थ पूर्ण फुटला की ढोबळमानाने प्रतिग्रॅम ०.८ लिटर वायू देतो असं धरा, म्हणजे ० °से आणि १ वातावरण दाबाला मोजलेला. २ मिलिग्रॅममधून १.६ मिलिलिटर वायू निघेल. तो ०.०३ मिलिलिटरमध्ये कोंबला तर ५३ बार, आणि ३०० °से ला हाच दाब ११० बारच्या आसपास. बसतं, पण जेमतेम. हेच वजन ५ मिलिग्रॅम केलं तर दाब २८० बारकडे जातो आणि पॅन भट्टीच्या आतच फुटतो. सेन्सर गेला की दुरुस्तीचा खर्च फार मोठा असतो, आणि भट्टी उघडी असेल तर धोका माणसालाही.

म्हणून अनोळखी पदार्थाचा पहिला रन नेहमी ०.५ ते १ मिलिग्रॅमचा. मिळालेली उष्णता पाहून नंतर हवं तर वाढवा. वजन कमी म्हणजे काटा चांगला हवा: १ मिलिग्रॅमच्या सॅम्पलमध्ये ०.०१ मिलिग्रॅमची चूक सरळ १ टक्का चूक देते, तेव्हा ०.००१ मिलिग्रॅम दाखवणारा मायक्रोबॅलन्स लागतो.

वजन कमी ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. विघटनाची उष्णता सॅम्पलमधून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर सॅम्पल भट्टीपेक्षा गरम होतं, आणि मग आपण ठरवलेल्या वेगाने तापवणं केवळ कागदावर उरतं. हे ओळखायला सोपं आहे. आलेख सॅम्पलच्या तापमानासमोर काढा. शिखर उजवीकडे झुकलेलं, शार्कच्या पंखासारखं दिसलं, किंवा रेघ चक्क मागे वळली, तर स्वतःच्या उष्णतेने सॅम्पल पळालंय. वजन निम्मं करा आणि पुन्हा चालवा. शिखर-तापमान दोन्ही वजनांना जवळजवळ सारखं येईपर्यंत कमी करत जा. त्याआधी काढलेल्या गतिकीच्या, म्हणजे विघटनाच्या वेगाच्या, कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

कोणता पॅन

उघडा की बंद, या निवडीवर अख्खा निकाल उलटा फिरू शकतो. अमोनियम नायट्रेट हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. १० अंश प्रतिमिनिट वेगाने तापवलं की स्फटिकरचनेतले बदल ३२, ८४ आणि १२५ °से च्या आसपास दिसतात, मग १६९ ते १७० °से ला वितळण. हे सगळे उष्णता शोषणारे टप्पे. त्यानंतर भोकाच्या झाकणाच्या ॲल्युमिनियम पॅनमध्ये बहुतेक वेळा एक मोठा उष्माग्राही खड्डा दिसतो, कारण क्षार अमोनिया आणि नायट्रिक आम्लात विलग होऊन उडून जातो. हाच पदार्थ बंद हाय-प्रेशर पॅनमध्ये घातला तर वायूंना बाहेर जायला वाट नसते, ते आतच प्रतिक्रिया करतात आणि ठळक उष्मादायी शिखर मिळतं. उघड्या पॅनचा आलेख हातात असलेला माणूस म्हणेल, हा पदार्थ उष्णता शोषतो. मोठ्या, बंदिस्त साठ्यात त्याच पदार्थाने काय होतं हे जगाने अनेकदा पाहिलंय: टेक्सास सिटीच्या बंदरातला १९४७ चा स्फोट, बैरुतच्या बंदरातला २०२० चा.

तेव्हा विघटनाची उष्णता मोजायची असेल तर पॅन बंदच हवा. उघडा पॅन फक्त टीजीशी, म्हणजे तापवताना सॅम्पलचं वजन कसं घटतं ते मोजणाऱ्या यंत्राशी, जोडून पाहायला.

सोन्याचा मुलामा का, तर स्टील आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही काही पदार्थांशी स्वतः प्रतिक्रिया करतात, विशेषतः क्लोराइड आणि आम्लं असलेल्यांशी. मुलामा खरवडला गेला असेल तर तो पॅन टाकून द्या. एकाच पदार्थाचा एक रन काचेच्या बंद कॅपिलरीत करून तुलना करणं ही चांगली सवय आहे. काचेत शिखर जास्त तापमानाला सरकलं तर धातू विघटनाला हातभार लावत होता असं समजा, आणि ते प्लांटच्या टाकीबद्दलही काही सांगतं.

पॅन बंद करताना दोन बारीक गोष्टी. कडेवर पावडरचा कण राहिला की झाकण घट्ट बसत नाही, आणि वर दाबताना तोच कण घासला जातो. कड कोरड्या मऊ ब्रशने साफ करूनच प्रेसमध्ये ठेवा आणि प्रेसचा दांडा एका झटक्यात न आणता सावकाश खाली न्या. दुसरं, आत अडकलेली हवा. ३० मायक्रोलिटर हवेतल्या ऑक्सिजनने सेंद्रिय पदार्थ जळला तर साधारण ०.१ ज्यूल उष्णता निघते. २ मिलिग्रॅम सॅम्पल १५०० ज्यूल/ग्रॅमचं असेल तर एकूण ३ ज्यूलमध्ये ही भर ३ टक्के, चालून जाईल. पण सॅम्पल ३०० ज्यूल/ग्रॅमचं असेल तर एकूण फक्त ०.६ ज्यूल, आणि त्यात ०.१ म्हणजे सतरा टक्के. पुढे येणाऱ्या वाहतूक नियमाच्या सीमारेषेवरचा पदार्थ अशाने चुकीच्या बाजूला पडतो. कमी ऊर्जेच्या पदार्थांचे पॅन नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्येच बंद करा.

बंद पॅन रनच्या आधी आणि नंतर तोला. ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त घट म्हणजे गळती, आणि गळका रन मोजायचा नाही. आलेख दिसायला छान असला तरी नाही.

कॅलिब्रेशन

इंडियम १५६.६ °से ला वितळतं आणि प्रतिग्रॅम २८.६ ज्यूल घेतं. कथील २३१.९ °से, जस्त ४१९.५ °से. कॅलिब्रेशन त्याच प्रकारच्या पॅनमध्ये करा ज्यात सॅम्पल चालणार आहे. हाय-प्रेशर पॅन जड असतो, उष्णता पोचायला वेळ लागतो, त्यामुळे हलक्या ॲल्युमिनियम पॅनवर केलेलं कॅलिब्रेशन तिथे अंशभर किंवा जास्त चुकतं. शिवाय प्रत्येक तापवण्याच्या वेगाला वेगळी तपासणी हवी, कारण वेगाबरोबर तापमानाचा माग पडणंही वाढतं. इंडियम सोन्यात विरघळतं, तेव्हा कॅलिब्रेशनचा मुलामा दिलेला पॅन पुन्हा सॅम्पलला वापरू नका.

पहिला रन

नायट्रोजन मिनिटाला ५० मिलिलिटर, वेग मिनिटाला ५ किंवा १० अंश, तापमान ३० पासून ४०० °से पर्यंत. संदर्भाच्या बाजूला त्याच प्रकारचा रिकामा बंद पॅन. आलेखातून तीन गोष्टी वाचायच्या: शून्यरेषेपासून पहिला उठाव, शिखर आणि शिखराखालचं क्षेत्रफळ. क्षेत्रफळ काढताना शून्यरेषा कशी ओढली हे फार महत्त्वाचं. विघटनाच्या आधी आणि नंतर उष्णताधारकता बदलते, म्हणून सरळ रेघेऐवजी सिग्मॉइड, म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखी वळणारी, रेघ सहसा बरी. दोन्हींनी काढून बघा. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तसं अहवालात लिहा.

पहिलं शिखर आलं म्हणून रन थांबवू नका. अनेक मिश्रणांत दुसरं, मोठं शिखर पुढे असतं. १९ डिसेंबर २००७ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथल्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये रासायनिक रिॲक्टर हाताबाहेर गेलं आणि चार जण मेले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने नंतर चाचण्या केल्या तेव्हा दिसलं की हवी असलेली प्रतिक्रिया सुमारे १७७ °से ला उष्णता सोडते, आणि २०० °से च्या जवळ सोडियम आणि डायग्लाइम हे द्रावक यांची दुसरी, कितीतरी जोरदार प्रतिक्रिया सुरू होते. कूलिंग बंद पडलं की पहिलीच्या उष्णतेनेच दुसरीपर्यंत पोचता येत होतं.

उष्णतेचा आकडा मिळाला की लगेच एक भागाकार करा. सेंद्रिय पदार्थाची उष्णताधारकता साधारण २ ज्यूल प्रतिग्रॅम प्रतिअंश. ५०० ज्यूल/ग्रॅम सोडणारा पदार्थ उष्णता बाहेर न जाऊ देता फुटला तर तापमान २५० अंशांनी चढतं, १५०० ज्यूल/ग्रॅमचा ७५० अंशांनी. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांतही असे आकडे उंबरठे म्हणून येतात. विघटनाची उष्णता ३०० ज्यूल/ग्रॅमपेक्षा कमी असेल तर पदार्थ स्वयंप्रतिक्रियाशील वर्गातून वगळता येतो. सेंद्रिय पदार्थाची ती ५०० ज्यूल/ग्रॅमपेक्षा कमी असेल आणि विघटन ५०० °से च्या आत सुरू होत असेल, तर स्फोटकांच्या वर्गाची कार्यपद्धती लावावी लागत नाही. हे वर्गीकरणाचे उंबरठे आहेत. तुमच्या ड्रायरचं तापमान त्यावरून ठरत नाही.

गतिकी: चार वेग, एक सरळ रेघ

किमान चार वेगांनी चालवा: मिनिटाला १, २, ५ आणि १० अंश. मंद वेगाला सिग्नल बारीक होतो, तेव्हा वजन थोडं वाढवता येईल. वेगवान रनला मात्र कमीच ठेवा. किसिंजरची १९५७ ची पद्धत अशी: तापवण्याच्या वेगाला शिखर-तापमानाच्या वर्गाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, आणि तो एक भागिले शिखर-तापमान याच्यासमोर मांडा. तापमान केल्व्हिनमध्ये. रेघेच्या उताराचं उणे चिन्ह काढून त्याला ८.३१४ या वायुस्थिरांकाने गुणलं की सक्रियण ऊर्जा मिळते, म्हणजे प्रतिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा.

हिशोब दिसावा म्हणून बेतलेले आकडे घेऊ. शिखरं १ अंशाच्या वेगाला २२६.२, २ ला २३४.९, ५ ला २४६.९ आणि १० ला २५६.३ °से. रेघ बसवली की उतार साधारण उणे १९,२५० केल्व्हिन येतो, म्हणजे सक्रियण ऊर्जा मोलला १६० किलोज्यूल, आणि पूर्वघातांक, म्हणजे वेगाच्या सूत्रातला स्थिर गुणक, सेकंदाला ७ गुणिले दहाचा तेरावा घात. आता यातलं फक्त पहिलं शिखर एका अंशाने चुकीचं, २२५.२, वाचलं असं धरा. दोन टोकांवरून काढलेली ऊर्जा १६० वरून १५४ वर येते. एका अंशाला सहा किलोज्यूल. कॅलिब्रेशन प्रत्येक वेगाला वेगळं करा असं वर लिहिलंय ते यामुळे.

किसिंजर सगळ्या विघटनाला एकच आकडा देतो. विघटन एका टप्प्याचं असेल तर ठीक. ते खरंच तसं आहे का, हे पाहायला आयसोकन्व्हर्जनल पद्धत लागते, म्हणजे फ्रिडमन किंवा ओझावा-फ्लिन-वॉल. ५ टक्के रूपांतरापासून ९५ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टप्प्याला सक्रियण ऊर्जा काढायची. या रेघेतला चढउतार सरासरीच्या १० ते २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आत एकाहून अधिक प्रक्रिया चालू आहेत. तिथे एका आकड्यावर भरवसा ठेवून कमी तापमानाकडे अंदाज बांधणं धोक्याचं. आयसीटीएसी या औष्णिक विश्लेषण आणि कॅलरीमितीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गतिकी समितीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशी या कामासाठी हाताशी ठेवाव्यात.

ऑटोकॅटालिसिस: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

काही पदार्थांच्या विघटनातून तयार होणारं काहीतरी त्याच विघटनाला वेग देतं. अनेक नायट्रो संयुगं अशी वागतात. बराच वेळ काहीच होत नाही, मग अचानक सगळं एकदम. वाढत्या तापमानाच्या रनमध्ये हे फारसं कळत नाही, एक उंच, अरुंद शिखर दिसतं इतकंच.

म्हणून स्थिर तापमानाचा रन करा. किसिंजरमध्ये मिळालेल्या शिखराच्या ४० ते ६० अंश खाली भट्टी धरा, सॅम्पल आत सोडा आणि उष्णतेचा प्रवाह वेळेसमोर बघा. साध्या प्रतिक्रियेत सिग्नल पहिल्याच क्षणी सर्वांत जास्त असतो आणि हळूहळू उतरतो. ऑटोकॅटालिटिक पदार्थात आधी शांतता, मग घंटेच्या आकाराचा उंचवटा. भट्टीत सॅम्पल स्थिरावायची पहिली काही मिनिटं निकालातून वगळावी लागतात. तापमान फार जास्त निवडलं तर प्रतिक्रिया त्या मिनिटांतच उरकते आणि घंटा दिसतच नाही.

आणखी एक सोपी चाचणी. एक पॅन शिखराच्या बराच खाली, समजा १८० °से ला, तीन-चार तास धरा, थंड करा आणि मग नेहमीच्या वेगाने चालवा. ताज्या सॅम्पलशी ताडून बघा. साध्या पदार्थात शिखर त्याच जागी, फक्त क्षेत्रफळ थोडं घटलेलं. ऑटोकॅटालिटिक पदार्थात शिखर डावीकडे, कमी तापमानाला सरकलेलं. हा पदार्थ आपला भूतकाळ लक्षात ठेवतो, आणि तीन वेळा तापवून-थंड करून पुन्हा वापरलेला रिॲक्टरमधला साठा हा ताज्या मालापेक्षा वेगळाच पदार्थ मानावा लागतो.

अशा पदार्थाला साधं पहिल्या घाताचं मॉडेल लावलं तर उत्तर छापून येतं, पण ते चुकीचं असतं.

वायू कोणते निघतात

टीजीला एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषला जातो त्यावरून वायू ओळखणारं यंत्र) किंवा मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूच्या वस्तुमानावरून ओळखणारं) जोडला की वजनाबरोबर वायूही ओळखता येतात. पॅन उघडा, सॅम्पल १ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि वायू नेणारी नळी २०० °से च्या आसपास गरम ठेवलेली, नाहीतर जड घटक वाटेतच गोठतात आणि पुढच्या रनमध्ये भुतासारखे उगवतात. मासमध्ये ४४ या आकड्याला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड दोन्ही बसतात, २८ ला नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. तिथे एफटीआयआर उपयोगी पडतो: नायट्रस ऑक्साइडची पट्टी २२२४ च्या, कार्बन डायऑक्साइडची २३४९ च्या तरंगसंख्येजवळ. नायट्रोजन मात्र इन्फ्रारेडमध्ये दिसतच नाही. एकट्या कोणत्याही उपकरणाने पूर्ण ताळेबंद जुळत नाही, दोन्ही लागतात.

लक्षात ठेवा, टीजीतला उघडा पॅन आणि डीएससीतला बंद पॅन हे दोन वेगळे प्रयोग आहेत. टीजीत वजन १६० °से ला घटायला लागलं म्हणून विघटन तिथे सुरू झालं असं नाही, पदार्थ नुसता उडूनही जात असेल. डीएससीत त्याच तापमानाला उष्णता बाहेर पडत नसेल तर बहुधा तसंच आहे.

सुरक्षित तापमानाकडे

गतिकी हातात आली की खरा प्रश्न विचारता येतो: उष्णता बाहेर पडायला वाव नसलेल्या मोठ्या साठ्यात, या तापमानाला, कमाल वेगापर्यंत पोचायला किती वेळ? सूत्र असं: उष्णताधारकता गुणिले वायुस्थिरांक गुणिले केल्व्हिनमधल्या तापमानाचा वर्ग, आणि या सगळ्याला सुरुवातीचा उष्णतेचा वेग आणि सक्रियण ऊर्जा यांच्या गुणाकाराने भागायचं. मघाचाच बेतलेला पदार्थ घ्या, उष्णता १५०० ज्यूल/ग्रॅम. १५० °से ला हा वेळ तीन तासांपेक्षा कमी येतो, १३० °से ला २४ तास, १२० °से ला ७७ तास. प्रोसेस सेफ्टीत २४ तासांचं तापमान मर्यादा म्हणून धरण्याची पद्धत आहे, म्हणजे इथे १३० °से. आणि १० अंशांच्या वेगाच्या डीएससीत याच पदार्थाचा उठाव डोळ्याला दिसू लागतो तो १९० °से च्या आसपास. साठ अंशांचं अंतर, एकाच पदार्थात.

“उठावाच्या शंभर अंश खाली राहा म्हणजे झालं” हा जुना नियम या उदाहरणात तरून जातो. सक्रियण ऊर्जा कमी असलेल्या किंवा ऑटोकॅटालिटिक पदार्थांत तो तरत नाही. तो वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

डीएससीतून १३० °से बद्दल बोलणं म्हणजे दोनशेच्या वर मोजून खाली अंदाज बांधणं. तो पडताळून पाहायला दोन वाटा आहेत. एक, आयसोथर्मल मायक्रोकॅलरीमीटर, म्हणजे स्थिर तापमानाला अगदी बारीक उष्णता मोजणारं यंत्र. आपल्या पदार्थात ९० °से ला उष्णतेचा वेग ग्रॅमला सुमारे १ मायक्रोवॅट असावा, आणि चांगलं यंत्र तो काही दिवसांत मोजू शकतं. मोजलेला वेग हिशोबाच्या कितीतरी पट आला तर कमी तापमानाला दुसरीच प्रक्रिया चालू आहे, आणि मर्यादा त्यावरून ठरवायची.

दुसरी वाट म्हणजे एआरसी, ॲक्सिलरेटिंग रेट कॅलरीमीटर. तापवा, थांबा, शोधा हा त्याचा क्रम: ५ अंश वर, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मिनिटाला ०.०२ अंशांपेक्षा वेगाने सॅम्पल स्वतः तापतंय का बघायचं. तापत असेल तर यंत्र भोवतालचं तापमान सॅम्पलबरोबर चढवत नेतं. दाबही मोजला जातो, जो डीएससीत मिळत नाही. इथे फाय फॅक्टर विसरू नका: भांडं आणि सॅम्पल मिळून लागणारी उष्णता ही एकट्या सॅम्पलला लागणाऱ्या उष्णतेच्या किती पट, तो आकडा. १५ ग्रॅमचा टायटॅनियमचा गोळा आणि ३ ग्रॅम सॅम्पल असेल तर उष्णतेचा मोठा वाटा भांडंच खातं: फाय २.३ येतो, आणि मोजलेली तापमानवाढ २.३ ने गुणावी लागते. फाय कमी करायला सॅम्पल वाढवावंसं वाटतं, पण डीएससीत १००० ज्यूल/ग्रॅमच्या वर दिसलेला पदार्थ एआरसीत एक ग्रॅमच्या आतच सुरू करा आणि मोठा फाय सोसा. डीएससीचा आकडा हातात नसताना एआरसीला हात लावायचाच नाही.

अहवाल आणि वापरलेले पॅन

उठावाचं तापमान लिहिताना त्याच ओळीत पॅनचा प्रकार, वजन, वेग, वातावरण आणि उठाव कोणत्या उंबरठ्यावर मोजला हे लिहा, उदाहरणार्थ ग्रॅमला ०.१ वॅट. तीन रनची सरासरी आणि फरक द्या. रनच्या आधीचं आणि नंतरचं पॅनचं वजनही द्या, म्हणजे वाचणाऱ्याला गळती स्वतः तपासता येते.

रन संपलेला हाय-प्रेशर पॅन गार झाला तरी रिकामा नसतो. आत दहा-वीस बार वायू अजूनही असू शकतो, आणि त्यात नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. तो पक्कडीने उघडू नका. भट्टी ४० °से च्या खाली आल्यावरच चिमट्याने काढा, तोला, आणि झाकण न उघडता ऊर्जायुक्त कचऱ्याच्या वेगळ्या, नाव आणि तारीख लिहिलेल्या डब्यात टाका. विघटन अर्धवट राहिलेले, म्हणजे मध्येच थांबवलेल्या रनचे पॅन त्याच डब्यात नकोत. त्यांच्यात जिवंत माल आहे, त्यांना स्वतंत्र डबा.